काळे इअरफोन, खालचा आवाज

इअरफोन चांगला की वाईट, हे मला कळतं. ही बढाई नाही, आणि असलीच तर खरी आहे. महागड्या इअरफोनांबद्दल मी बोलत नाही. ते चांगले वाजले तर त्यात कौतुक कसलं? कसोटी लागते ती स्वस्तातल्यांची. घाऊक व्यापारी खोकं पाठवतो, त्यात नाना तऱ्हा, दिसायला सगळे सख्खे भाऊ. एखादाच गातो, बाकीचे पत्र्यावर खडे पडल्यासारखे वाजतात. तो एखादा हुडकायचा आणि दुकानाच्या हुकाला लावायचा, हे माझं काम. बाजारात मला कानसेन म्हणतात. सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे. आता व्यापारीसुद्धा म्हणतो, आणि म्हणताना जरा जपून म्हणतो.

पारखायची माझी रीत ठरलेली आहे. आधी रबराची टोपी कानात घट्ट बसते का ते बघायचं, कारण फट राहिली की बेस तिथून गळून जातो. मग ढोलाचं एक गाणं लावायचं. प्रत्येक ठोका वेगळा पडतो, की सगळ्यांचा मिळून चिखल होतो? मग बातम्या. 'स' आणि 'श' शीळ घालतात का? मग एका बाईचा उंच आवाज, तो टोचतो का? शेवटी काहीही न लावता आवाज पूर्ण वाढवायचा आणि आतली खरखर किती ते ऐकायचं. एवढं होईपर्यंत मी चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाईक आलं तर हात वर करते, फोन आला तर वाजू देते. आमच्याकडेच राहणारी माझी धाकटी नणंद म्हणते, "वहिनी इअरफोन पारखायला बसली की भिंतींना सुट्टी." तिच्या जिभेला हाड नाही, पण हे तिचं म्हणणं बरोबर आहे. एरवी मी झोपेतसुद्धा गप्प नसते, असं आमचे हे सांगतात. म्हणजे सांगत नाहीत. कुणी विचारलं तर मान हलवतात.

हे म्हणजे माझे यजमान. काच कापतात. आमचा गाळा एकच. पुढे माझे इअरफोन आणि चार्जर, मागे यांचं लांब टेबल, त्यावर जाड कापड अंथरलेलं आणि भिंतीशी काचा उभ्या. पट्टी ठेवून हिऱ्याने रेघ ओढताना सर्र असा एकसारखा आवाज यावा लागतो. मध्ये तुटला तर काच भलतीकडेच फुटते. म्हणून काम करताना हे बोलत नाहीत. काम नसतानाही बोलत नाहीत. आवाज आहे, चांगला जाड आहे, पण तो बाहेर यायलाच तयार नसतो. गिऱ्हाईक काही विचारतं, हे सांगतात, गिऱ्हाईक "काय?" म्हणतं, हे पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगतात, आणि मग मी पुढून ओरडून सांगते. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं मी यांना लग्न झाल्यापासून ऐकवत आले आहे. ते ऐकतात.

तर या माणसाला गाण्याच्या मंडळींनी पळवलं. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, सगळा बाजार त्यांना बाईच म्हणतो. त्या एका तसबिरीला काच बसवून घ्यायला आल्या होत्या. हे कडा घासता घासता गुणगुणत होते. बाईंनी काच राहू दिली आणि विचारलं, "हा आवाज तुमचा?" आमच्या दुकानात यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाई वृंदगान चालवतात. त्यात वरचा आवाज, मधला आवाज आणि खालचा आवाज, आणि खालच्यात माणसांचा कायम दुष्काळ. नणंद आधीपासून वरच्या आवाजात आहे, तीच दादाला घेऊन गेली. तेव्हापासून तालमीच्या दिवशी हे स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करतात. लग्नाच्या वाढदिवसालाही मी हे कधी पाहिलं नव्हतं.

यंदा तर एक मोठीच गोष्ट घडली. शहरातलं जुनं सभागृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडायचं ठरलं आणि उद्घाटनाचं गाणं बाईंच्या गटाला मिळालं. गाणं बाईंनीच बांधलं. सुरुवातीला खालचा एकच आवाज, साथीला काही नाही: "आहे का कुणी घरात?" कुणीतरी दाराशी उभं राहून हाक मारतंय. मग मधले उत्तर देतात, मग वरचे, आणि हळूहळू घर भरतं. ती पहिली हाक बाईंनी यांना दिली. घरी येऊन हे म्हणाले, "पहिली ओळ मला दिली," आणि पाणी प्यायला आत गेले. नणंदेने मग सगळं नीट सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन बघते तर हे रिकामा पेला हातात धरून हसत उभे, नळ वाहतोय. मला इतका आनंद झाला की काय बोलावं कळेना, म्हणून मी ओरडले, "अहो, नळ बंद करा!"

एकत्र तालीम आठवड्यातून एकदाच, बाकीचा सराव घरी. बाई फोनवर गाणं पाठवतात, ते कानाला लावून त्याच्याबरोबर आपली ओळ गायची. पण कुणाच्या इअरफोनचा एकच कान चालतो, कुणाचे खरखरतात, कुणी फोन तसाच टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, मला खालचा आवाज ऐकूच येत नाही. शेवटी बाई माझ्याकडे आल्या. "स्वस्तातला असू दे, पण सगळ्यांना एकच प्रकार. तुम्ही निवडाल तो." मला आणखी काय हवं होतं?

सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी बसले. निळे पहिल्या ढोलालाच बाद झाले. पांढऱ्यांना रबराची टोपीच नव्हती, नुसतं कडक प्लॅस्टिक, कानात टेकून राहणारं. बातम्या स्वच्छ, पण बेस नावालासुद्धा नाही. ढोल लावला तर कुणी वहीवर बोटं वाजवतंय असं वाटलं. ते परतीच्या खोक्यात गेले. आणि मग काळे. टोपी कानात अशी बसली की बाहेरचा रस्ताच बंद झाला. ढोलाचा ठोका छातीत, गाण्यातला उंच आवाज मऊ, खरखर जवळपास नाही, आणि ज्या खालच्या आवाजासाठी बाई इतक्या तळमळत होत्या, तो अगदी मांडी घालून समोर बसलेला. या भावात असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, आणि आजही हेच म्हणेन. तालमीला जाऊन मी ते स्वतःच्या हाताने वाटले आणि छोटंसं भाषणही केलं. नणंदेचं म्हणणं, ते छोटं नव्हतं.

काही आठवडे गेले. एके दिवशी हे तालमीवरून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "हाक बहुतेक दुसऱ्याला देतील."

"कोण देतंय? का?"

"ऐकू येत नाही म्हणे."

मागून नणंद आली. तिचंही तोंड उतरलेलं. तिने सांगितलं ते असं. पहिल्यांदाच तालीम सभागृहात होती. बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या आणि तिथून हात हलवत राहिल्या, वर, आणखी वर. दादाने पुन्हा पुन्हा म्हटलं, पण हाक पुढच्या दोन-तीन रांगांच्या पलीकडे गेलीच नाही. शेवटी बाई म्हणाल्या, पुढच्या तालमीला एकदा बघू. नाहीच जमलं तर मधल्या आवाजातला बसचालक आहे, त्याला देऊ. त्याला इतकं खाली गाता येत नाही, पण तो ऐकू तरी येतो.

माझं डोकं फिरलं. जेवताना मी यांना चांगलं फैलावर घेतलं. "अहो, घसा मोकळा सोडायचा! काचेचा धंदा आहे म्हणून काय आवाजही जपून ठेवायचा? फुटतोय थोडाच!" पोटातून कसं गावं, तोंड किती उघडावं, सगळं सांगितलं, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सांगितलं. यांनी शेवटचा घास संपवला. मग म्हणाले, "मी पूर्ण जोर लावतो."

"हा पूर्ण जोर?"

"हो." आणि ताट उचलता उचलता म्हणाले, "जाऊ दे. बसचालक बरा गातो."

ते 'जाऊ दे' मला लागलं. हा माणूस आयुष्यभर सगळ्यालाच जाऊ दे म्हणत आलाय. ही एकच गोष्ट त्याने हौसेने धरून ठेवली होती, आणि तीही तो आता सोडायला निघाला होता. मी रागाने भांडी इतकी आपटली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईंचं घर गाठलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. दारातच विचारलं, "यांची ओळ काढून का घेता?"

बाई रागावल्या नाहीत. आत बसवलं, चहा दिला. "अहो, त्यांच्या एकट्याचं नाही हे," त्या म्हणाल्या. "खालचे सगळेच आत गेलेत. आधी हीच माणसं खणखणीत गात होती. आता विचारलं तर शपथेवर सांगतात, घरी आम्ही जीव तोडून गातो. घरी जसं बसवतो तसंच माणूस इथे गातो, म्हणजे घरीच काहीतरी होतंय. वरचे ठीक आहेत, मधलेही बरे आहेत. खालचेच गेले."

"इअरफोनमध्ये काही खोट नाही," मी म्हणाले.

"इअरफोनचं नाव मी काढलंच नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते हेच. मी चहा अर्धा टाकून उठले, आणि घरी येईपर्यंत रस्त्यात स्वतःशीच भांडत आले.

संध्याकाळी दुकान बंद करून घरी पोचले तर मागच्या खोलीचं दार लोटलेलं. हे सरावाला उभे राहिले होते. मी दाराला कान लावला. आधी वाटलं, आत कुणी नाहीच. मग बारीक गुणगुण ऐकू आली, पंखा जुना झाला की करतो तशी. म्हटलं, घसा गरम करत असतील. थांबले. पुन्हा तीच ओळ, तेवढीच. दार ढकलून आत गेले तर हे मान ताठ करून उभे, डोळे मिटलेले, छाती फुगलेली, कपाळावर घाम. नुसता चेहरा बघितला तर कुणीही म्हणेल, हा माणूस आभाळ फाडतोय. आवाज मात्र धड दारापर्यंतही येत नव्हता.

मी खांद्याला हात लावला. यांनी दचकून एक इअरफोन काढला आणि ओशाळून विचारलं, "फार मोठ्याने होतंय का? शेजारी काही म्हणाले?"

मी हात पुढे केला.

"आणा इकडे," मी म्हणाले. दोन्ही कानांत काळे घातले आणि माझी परीक्षा पहिल्यापासून घेतली. ढोल छातीत. बातम्या स्वच्छ. उंच आवाज मऊ. खरखर नाही. मुकाट्याने सगळं ऐकून झालं, माझी छाती पुन्हा फुगली, आणि यांना निकाल सांगायला मी इअरफोन न काढताच तोंड उघडलं, "अहो, इअरफोन एकदम..."

आणि थांबले. माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमला, रिकाम्या पिंपात तोंड घालून ओरडावं तसा. पुन्हा म्हणून बघितलं, जरा हळू. तरी घुमला. आणखी हळू. आता कुठे तो मला माझ्यासारखा वाटला. मग त्याच आवाजात मी यांना सांगत राहिले, की इअरफोन ठीक आहेत, दोष तुमच्या घशात आहे, उद्यापासून गरम पाणी प्या. हे पुढे वाकून, डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत होते.

तेवढ्यात नणंद धावत आली. "वहिनी, काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीये?"

"मग कुजबुजतेस का? मला वाटलं, कुणी गेलंबिलं की काय."

मी इअरफोन उपटून काढले. घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं.

दोन्ही कानांत बोटं घालून बोलून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते समजेल. कान गच्च बंद झाले की आपला आवाज आतच कोंडतो, आणि तो जितका जाड तितका जास्त घुमतो. नणंदेच्या कानात घालून तिला तिची वरची ओळ म्हणायला लावली. ती म्हणाली, जाणवतं जरासं, फार नाही. पण यांच्यासारख्या जाड आवाजाच्या माणसाला वाटत होतं, आपण घर दणाणून सोडलं. म्हणून तो बिचारा आवाज आवरत होता, रोज थोडा आणखी, आणि गळ्याला तीच सवय लागत होती. आणि हे मला, कानसेनला, कळलं नाही, कारण पारखताना मी तोंड उघडतच नाही. आजवर इअरफोन घेतले ते ऐकणाऱ्यांनी. हे गाणाऱ्यांसाठी होते. दिवसभर टकळी चालवणारी बाई नेमकी नको तिथे गप्प बसली! मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त स्वतःचा राग आला.

"पण तुम्ही दोन्ही कान बंद करून का गाता?" मी यांच्यावर घसरले. "एक बाहेर ठेवायचा ना!"

हे घुटमळले. "तू फोनवर असतेस," म्हणाले.

नणंद इतकी हसली की तिला दाराला धरून उभं राहावं लागलं.

हातपाय गाळून बसणं माझ्या स्वभावात नाही. व्यापाऱ्याकडे अजून न गेलेलं परतीचं खोकं सकाळी पुन्हा उघडलं. आता रीत नवी होती. इअरफोन कानात घालायचा, बाईंचं गाणं लावायचं आणि बरोबर गायचं, तेही जितकं खाली जाता येईल तितकं खाली. समोरचा चाव्या बनवणारा हातातली कानस टाकून रस्ता ओलांडून आला. "कुणाला लागलं का?" त्याने विचारलं. मी हात वर केला आणि गात राहिले. रबराची टोपी असलेले सगळे एकामागून एक बाद झाले. शेवटी हातात आले ते पांढरे, वहीवर बोटं वाजवणारे. कानात नुसते टेकले, बाजूने फट राहिली, आणि त्या फटीतून माझा आवाज जसा आहे तसा मला ऐकू आला. ऐकून फार आनंद झाला असं नाही, पण खोटा नव्हता. बाईंच्या गाण्यातला खालचा आवाज पातळ वाजला, तरी ओळ धरण्याइतका कळत होता. ज्या फटीपायी त्यांना बाद केलं होतं, तीच फट आम्हाला हवी होती.

त्याच दिवशी खालच्या आवाजातल्या प्रत्येकाच्या दारी जाऊन काळे काढून घेतले आणि पांढरे दिले. त्यांच्यातला एक सुतार कुरकुरला, "ताई, यात मजा नाही."

"मजा माझ्या दुकानात येऊन घ्या. गाणं यात म्हणा."

बाईंनाही जाऊन सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यांनी तिथल्या तिथे काळ्यांची टोपी कानात दाबली, "आहे का कुणी घरात?" म्हटलं आणि स्वतःच दचकल्या. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन की. छोटंसं भाषण करते."

"भाषण नको," बाई घाईघाईने म्हणाल्या.

पण गळ्याची सवय काही इअरफोन बदलला म्हणून लगेच बदलत नाही. तालीम जवळ येत होती. हे रोज संध्याकाळी पांढरे घालून उभे राहायचे. आवाज आता दाराबाहेर यायचा, कधी जिन्यापर्यंत जायचा, आणि मध्येच, कुणी रागावल्यासारखा, परत आत पळायचा. त्या आठवड्यात संध्याकाळी मी माझा फोन बंद ठेवला. माझ्या बहिणीने शेवटी दुकानात फोन करून विचारलं, आपलं काही भांडण झालंय का.

तालमीच्या दिवशी सभागृहात नव्या रंगाचा वास होता. शेवटच्या रांगेत बाई, त्यांच्या शेजारी मी. बाईंनी बजावलं होतं, "बसा, पण एक शब्द नाही." मधल्या रांगेत बसचालक उभा होता. त्यालाही ती ओळ पाठ होती, पण माणूस भला. यांच्याकडे बघून सारखा धीर देत होता.

हे एक पाऊल पुढे आले. शर्टाची इस्त्री माझ्यापर्यंत दिसत होती. पहिल्यांदा गायले ते मधल्या खुर्च्यांपर्यंत पोचलं असेल. बाईंनी हात वर केला, आणखी. दुसऱ्यांदा गायले. थोडं पुढे आलं आणि तिथेच बसलं. बाईंनी सुस्कारा सोडला. मग यांनी आमच्या दिशेने बघून काहीतरी विचारलं. ऐकू काहीच आलं नाही, पण मला ओठांवरून कळलं. कानात आता काही नव्हतं, तरी हे तेच विचारत होते, फार होतंय का?

माझ्या जिभेवर सगळं येऊन ठेपलं होतं. बाईंनी माझा दंड घट्ट धरला. मी तोंड मिटलं. नाही, अशी मान हलवली, आणि दोन्ही हातांनी बोलावलं. इकडे. इथपर्यंत या.

यांनी श्वास घेतला. "आहे का कुणी घरात?"

आणि तो आवाज आला. सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून सरळ चालत आला, घाई नाही, ताण नाही, जाड आणि उबदार, आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीला लागला. बाजूच्या खिडकीची काच झणझणली. इतकी वर्षं मी या माणसाच्या पुढच्या काउंटरवर बसते, याच्यासमोर जेवते, आणि हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू फुटलं. मधल्यांनी उत्तर द्यायचं होतं, ते क्षणभर विसरलेच, पहिला बसचालक सावरला आणि "आहोत!" म्हणाला, मग बाकीचे. बाईंनी माझा दंड सोडला तेव्हा त्यावर बोटं उमटली होती. "ओळ तुमचीच!" त्या पुढे ओरडून म्हणाल्या.

घरी जाताना नणंद मैत्रिणींबरोबर मागे राहिली. आम्ही दोघं चालत निघालो. मला सांगायचं किती होतं! श्वास कुठे तुटला, 'घरात' आणखी किती धरायला हवं, उद्घाटनाला कोणता शर्ट घालायचा. मी तोंड उघडणार, एवढ्यात हे म्हणाले, "त्या खिडकीची काच सैल आहे."

मी थांबले.

"कडेची पुट्टी सुकलीये. म्हणून वाजली." आणि मग हे बोलायला लागले. काच चौकटीत बसवताना कडेला किती जागा सोडायची, गच्च बसवली तर उन्हात कशी तडकते, ढिली राहिली तर कशी थरथरते, पुट्टी मळताना तेल कमी पडलं की काय होतं. कोपऱ्यावर वळताना मध्येच म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, माझा आवाज लोकांना फार होतो." मी काही म्हणायच्या आत पुन्हा पुट्टीवर गेले.

काचेतलं मला काही कळत नाही, आणि पुट्टी हा काही फार रंजक विषय नाही. पण खालचा आवाज भरलेला होता, प्रत्येक शब्द वेगळा येत होता, आणि खरखर अजिबात नव्हती. इअरफोन पारखताना मिटते तसं मी तोंड मिटलं, आणि घर येईपर्यंत एकदाही उघडलं नाही. नणंदेला हे अजून खरं वाटत नाही.